हजेरीपटाची हद्द



२१ नोव्हेंबर २०२५ रोजी केंद्र सरकारने चार कामगार संहिता लागू केल्या. वेतन संहिता २०१९ सालची, औद्योगिक संबंध, सामाजिक सुरक्षा आणि व्यावसायिक सुरक्षा व आरोग्य या बाकीच्या तीन २०२० सालच्या. संसदेने मंजूर करूनही त्या पाच-सहा वर्षे पडून होत्या. मग एका दिवसात २९ जुने कायदे त्यांच्या पोटात गेले आणि आमच्यासारख्या कामगार न्यायालयात आयुष्य घालवलेल्या वकिलांचे फोन खणखणू लागले. कारखानदार विचारत होते, "आता तीनशेपर्यंत परवानगीची कटकट नाही ना?" कामगार विचारत होते, "साहेब, हातात येणारा पगार कमी होणार का?" मी दोन्ही बाजूंची वकिली केली आहे, त्यामुळे दोन्ही प्रश्न मला परके नाहीत. ते रास्तही आहेत. पण कायद्याने माणसाच्या आयुष्यात काय बदलते हे त्या प्रश्नांतून कळत नाही. ते कळायला हजेरीपट बघावा लागतो.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. कामगार कायद्याचा अंमल हजेरीपटाच्या कडेपाशी संपतो. कायदा कडक झाला किंवा सैल झाला, तरी मालक कामगाराशी वागण्याची रीत सहसा बदलत नाही. तो हजेरीपटावर कोणाचे नाव राहील, कोणत्या रकान्यात राहील आणि किती दिवस राहील, एवढे बदलतो. गेल्या १४० वर्षांचा आपला अनुभव हाच आहे.

पहिला कारखाना कायदा १८८१ सालचा. तो शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या, यंत्रशक्तीवर चालणाऱ्या कारखान्यांपुरता होता. सात वर्षांखालच्या मुलांना कामाला लावू नये आणि सात ते बारा वयाच्या मुलांकडून दिवसाला नऊ तासांहून अधिक काम घेऊ नये, एवढेच त्याचे मुख्य म्हणणे. मोठ्या माणसांच्या तासांबद्दल त्यात अवाक्षर नव्हते. हा कायदा यावा म्हणून सोराबजी शापुरजी बंगाली यांनी मुंबईत खटपट केली. तिकडे विलायतेत लँकेशायरच्या गिरणीवाल्यांनाही तो हवा होता, कारण मुंबईचे स्वस्त सूत त्यांना सलत होते. त्यामुळे इथल्या राष्ट्रीय बाण्याच्या अनेक वृत्तपत्रांनी कायद्याला विरोध केला, आणि गिरणीतल्या पोराची बाजू घेणारा माणूस साहेबाचा हस्तक ठरू लागला. गोऱ्या साहेबाचा हेतू शुद्ध नव्हता हे खरेच. पण त्या पोराचे नऊ तासही खरे होते.

नारायण मेघाजी लोखंडे यांनी हा पेच नीट ओळखला. 'दीनबंधु'चे संपादक असलेल्या या माणसाने १८८४ मध्ये मुंबईत गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या, अर्ज लिहिले, सह्या गोळा केल्या. १८९० साली गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली आणि पुढच्या वर्षीच्या कायद्यात आठवड्याची एक सुट्टी आली. त्याच १८९१ च्या कायद्याने शंभराची मर्यादा पन्नासावर आणली. १९२२ मध्ये ती वीस झाली. १९४८ च्या कारखाना कायद्याने ती दहावर आणली, यंत्रशक्ती नसेल तर वीसवर. म्हणजे जवळपास सत्तर वर्षे आकडा एकाच दिशेने उतरत होता आणि दर वेळी आणखी काही माणसे कायद्याच्या आत येत होती. २०२० च्या संहितेने तो देशभर उलटा फिरवला : यंत्रशक्ती असेल तर वीस, नसेल तर चाळीस. कामगारकपातीच्या परवानगीची मर्यादा नव्या संहितेने तीनशेवर नेली, त्याचे वर्तमानपत्रांनी मोठे मथळे केले. दहाचे वीस झाले याची बातमी मला आतल्या पानावरसुद्धा फारशी दिसली नाही. भोसरीतल्या, अंबडमधल्या, वाळूजमधल्या छोट्या शेडमध्ये बारा-पंधरा माणसे प्रेस चालवतात. बोटे तुटतात ती बहुतेक तिथेच.

आता तीनशेचे बघू. आणीबाणीत, १९७६ साली, औद्योगिक विवाद कायद्यात एक नवे प्रकरण घातले गेले. तीनशे किंवा अधिक कामगार असलेल्या कारखान्याला ले-ऑफ, कामगारकपात किंवा कारखाना बंद करायचा असेल तर सरकारची आगाऊ परवानगी घ्यायची. पुढे ही मर्यादा शंभरावर आणणारी दुरुस्ती १९८२ मध्ये मंजूर झाली आणि ऑगस्ट १९८४ मध्ये अमलात आली. त्याच महिन्यात, अवघ्या काही दिवसांच्या अंतराने, आणखी एक दुरुस्ती अमलात आली. तिची चर्चा फारशी कोणी करत नाही. ठरावीक मुदतीच्या करारावर नेमलेल्या कामगाराची मुदत संपली आणि करार पुढे चालवला नाही, तर ती कामगारकपात समजायची नाही, असे तिने सांगितले. म्हणजे एका हाताने सरकारने पुढच्या दाराला मोठे कुलूप लावले आणि दुसऱ्या हाताने मागचे दार उघडून दिले. यात कोणाचा कट होता असे मी म्हणत नाही. संसदेत एकाच खात्याकडून परस्परविरोधी दुरुस्त्या मंजूर होणे ही आपल्याकडे दुर्मीळ गोष्ट नाही. मालकांनी मात्र दोन्ही दुरुस्त्या एकत्र वाचल्या.

कुलूप लावलेल्या पुढच्या दाराचे काय झाले, हे मुंबईच्या गिरणगावाने पाहिले. १८ जानेवारी १९८२ रोजी सुरू झालेला संप अडीच लाख कामगारांचा होता आणि तो कधीच रीतसर मागे घेतला गेला नाही. त्यानंतर गिरण्या बंद पडल्या त्या परवानगीचा अर्ज करून नव्हे. कच्चा माल येईना, विजेचे बिल थकले, खाती एकामागून एक थांबली, प्रकरण आजारी उद्योगांच्या मंडळाकडे गेले. कागदावर गिरणी चालू आणि भोंगा बंद, अशा अवस्थेत माणसे वर्षानुवर्षे थकलेल्या देण्यांची वाट बघत राहिली. परवानगीच्या कायद्याने त्यांचा पगार वाचवला नाही. कापड मात्र निघतच होते, भिवंडीत, मालेगावात, इचलकरंजीत. तिथे एकाच छपराखालचे माग बापाच्या, भावाच्या, बायकोच्या नावाने वेगवेगळे दाखवले की कुठलाच आकडा ओलांडत नाही.

म्हणून मालकांची बाजू मी झटकून टाकत नाही. एकोणीस माणसांच्या वर्कशॉपचा मालक विसावा माणूस घ्यायला कचरतो ते दुष्टपणाने नव्हे. दहाव्या माणसाला कर्मचारी राज्य विमा आणि ग्रॅच्युइटी, विसाव्याला भविष्य निर्वाह निधी आणि कंत्राटी कामगार कायदा, पन्नासाव्याला नोकरीच्या अटींचे स्थायी आदेश, शंभराव्याला परवानगी, अशा पायऱ्या त्याच्यापुढे होत्या, आणि प्रत्येक पायरीवर एक रजिस्टर आणि एक निरीक्षक. टिमोथी बेस्ली आणि रॉबिन बर्जेस या अर्थशास्त्रज्ञांनी २००४ मध्ये दाखवले की ज्या राज्यांनी कामगारांच्या बाजूने दुरुस्त्या केल्या तिथे नोंदणीकृत कारखान्यांतले उत्पादन आणि रोजगार मागे पडले. दुरुस्त्यांना 'कामगारांच्या बाजूची' आणि 'मालकाच्या बाजूची' अशी लेबले लावण्याच्या त्यांच्या पद्धतीवर आदित्य भट्टाचार्य यांनी जोरदार आक्षेप घेतले. तो वाद अर्थशास्त्रज्ञांनी मिटवावा. मला कारखान्याच्या गेटवर उभे राहून जे दिसले ते या दोन्ही बाजूंच्या तक्त्यांत मावत नाही.

मला दिसली ती 'सात महिन्यांची टेम्पररी'.

पिंपरी-चिंचवड, चाकण, रांजणगाव या पट्ट्यात हा शब्दप्रयोग कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. आपल्या राज्यातल्या नमुना स्थायी आदेशांत '४ क' नावाचे एक कलम आहे. बदली किंवा तात्पुरत्या कामगाराने बारा महिन्यांत २४० दिवस भरले की त्याला कायम करायचे, असे ते सांगते. साधे, सरळ आणि चांगले कलम. २४० दिवस म्हणजे आठ महिने. मग सातव्या महिन्याच्या अखेरीस पोराला ब्रेक मिळतो. लातूर-बीड-यवतमाळकडून आलेले, आयटीआय केलेले, पंचविशीच्या आतले पोर एका कंपनीतून सात महिन्यांनी बाहेर पडते, शेजारच्या कंपनीत सात महिने काढते, मग पुन्हा कोणाच्या तरी ओळखीने तिसरीकडे. खोलीत पाच जण, कॉट पाळीपाळीने. दहा वर्षांत त्याने एकच काम केलेले असते आणि कुठल्याच मालकाकडे त्याची एका वर्षाची सलग नोकरी नसते. लग्नाच्या बोलणीत मुलीकडचे पहिला प्रश्न विचारतात, "परमनंट आहे का?"

हेच पोर पुढे कायदे जसे बदलले तसे वेगवेगळ्या नावांनी हजेरीपटाच्या आसपास फिरत राहिले. कधी ट्रेनी, कधी अॅप्रेंटिस, कधी 'नीम' या सरकारी प्रशिक्षण योजनेतला. विद्यावेतन घेणारा शिकाऊ माणूस कामगारच नाही, म्हणून त्याचे दिवस मोजायचे नाहीत. दोन-दोन वर्षे असेंब्ली लाइनवर उभ्या असलेल्या पोराला तो नेमके काय शिकतो आहे असे मी उलटतपासणीत विचारले, की व्यवस्थापनाच्या साक्षीदाराला बराच वेळ पाणी प्यावे लागे.

आपल्या राज्याचा १९७१ चा कामगार संघटना मान्यता व अनुचित कामगार प्रथा प्रतिबंधक कायदा नेमका याच चलाखीवर बेतलेला होता. कायमपणाचे हक्क मिळू नयेत म्हणून वर्षानुवर्षे बदली किंवा तात्पुरते ठेवणे ही त्यात अनुचित प्रथा ठरवली आहे. या कलमाखाली अनेकांना न्याय मिळाला, हे मी स्वतः पाहिले आहे. पण निकाल लागेपर्यंत पंचविशीचे पोर चाळिशीला आलेले असते.

नव्या औद्योगिक संबंध संहितेत स्थायी आदेश तीनशे किंवा अधिक कामगारांच्या आस्थापनेलाच लागू आहेत. महाराष्ट्रात ते पन्नासापासून लागू होते. कारखाना बंद करण्याच्या परवानगीवर आपण एवढे भांडलो, आणि पन्नास ते तीनशे या पट्ट्यात '४ क'चा आधारच हलला, याकडे कामगार संघटनांनीही पुरेसे लक्ष दिले नाही, अशी माझी त्यांच्याबद्दल तक्रार आहे.

संहितेने त्याच्या जागी काय दिले? मुदतबंद नेमणूक. ठरावीक काळासाठी थेट कंपनीच्या नावाने नोकरी, कायम कामगाराइतकेच वेतन व सवलती, आणि एक वर्ष भरले की सेवेच्या प्रमाणात ग्रॅच्युइटी. पूर्वी पाच वर्षांशिवाय ग्रॅच्युइटी नव्हती. सात महिन्यांच्या टेम्पररीवाल्याच्या जागी बसून पाहा. थेट कंपनीचा कागद, बरोबरीचा पगार, वर्षाच्या शेवटी थोडी रक्कम. ही सुधारणा आहे, आणि विरोधक म्हणतात तितकी ती फसवी नाही. दोष वेगळाच आहे. असा करार किमान किती काळाचा असावा आणि किती वेळा पुन्हा करता येईल, यावर संहितेत बंधन नाही. अकरा महिन्यांचा करार, पुन्हा अकरा महिन्यांचा, असे कोणी करू लागले तर '४ क'च्या सात महिन्यांसारखेच अकरा महिनेही उद्या बोलीभाषेत रुळतील.

कंत्राटी कामगारांचे मी फार लांबवत नाही, ती कहाणी तुम्हाला ठाऊक आहे. १९७० च्या कायद्याने सरकारला कंत्राटी पद्धत बंद करण्याचा अधिकार दिला. १९९६ मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणाले की पद्धत बंद झाली की ते कामगार मूळ मालकाचे. २००१ मध्ये पाच न्यायमूर्तींचे घटनापीठ पोलाद प्राधिकरणाच्या खटल्यात म्हणाले, तसे आपोआप होत नाही. त्या निकालानंतर कंत्राटी पद्धतीविरुद्धची लढाई जिंकली तर आधी आपलीच नोकरी जाण्याची भीती उभी राहिली. संघटनांचे हातच बांधले गेले. शतकाच्या सुरुवातीला नोंदणीकृत कारखान्यांत पाचातला एक कामगार कंत्राटी होता, आता पाचातले दोन आहेत. कंत्राटी कायदा लागू होण्याची मर्यादा महाराष्ट्राने २०१७ मध्येच विसावरून पन्नासावर नेली होती. संहितेने तेच देशभर केले.

हजेरीपटावर नसलेल्या माणसाला एक गोष्ट आणखी गमवावी लागते, ती म्हणजे त्याचा आवाज. कामगारांतर्फे कोणी बोलायचे हा प्रश्न मुंबईला नवा नाही. १९३८ च्या औद्योगिक विवाद विधेयकाविरुद्ध ७ नोव्हेंबरला डॉ. आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट एकत्र येऊन संपात उतरले, कारण त्या विधेयकाने संपाच्या हक्कालाच वेसण घातली होती. १९४६ च्या मुंबई औद्योगिक संबंध कायद्याने एका उद्योगात एकच 'प्रातिनिधिक' संघटना मानली. कापडधंद्यात ती राष्ट्रीय मिल मजदूर संघ होती. १९८२ चा संप पगारवाढीइतकाच या मान्यतेच्या विरोधात होता. अडीच लाख माणसे डॉ. दत्ता सामंतांच्या मागे रस्त्यावर आणि कायद्याच्या नजरेत त्यांचा प्रतिनिधी भलताच, अशी ती अवस्था होती. नवी संहिता म्हणते, एकाहून अधिक संघटना असतील तर ज्या संघटनेला हजेरीपटावरच्या ५१ टक्के कामगारांचा पाठिंबा ती वाटाघाटी करील. कोणालाच तेवढा नसेल तर वीस टक्केवाल्यांची परिषद. नियम पूर्वीपेक्षा स्वच्छ आहे, मी त्याच्या बाजूने आहे. पण मोजणी कंपनीच्या हजेरीपटावरची आहे. जिथे तीनशे कामगार कायम आणि सातशे कंत्राटदाराचे, तिथे दीडशेहून तीन माणसे जास्त जमवली की संघटना साऱ्या फॅक्टरीच्या वतीने करार करू शकते आणि उरलेले सातशे नोटीस बोर्डावर तो वाचतात. शिवाय आता संपाची नोटीस प्रत्येक उद्योगात सक्तीची आहे आणि निम्म्या किंवा अधिक कामगारांनी ठरवून एकाच दिवशी किरकोळ रजा टाकली तर तोही संपच. पूर्वीच्या औद्योगिक विवाद कायद्यात नोटिशीची सक्ती फक्त सार्वजनिक उपयोगाच्या सेवांना होती.

पगाराच्या प्रश्नाला आता उत्तर देतो. वेतन संहिता म्हणते, भत्ते एकूण मोबदल्याच्या निम्म्याहून अधिक असतील तर वरचा भाग वेतनातच धरायचा. एखाद्याला ४० हजार मिळतात आणि त्यात मूळ वेतन व महागाई भत्ता मिळून १४ हजार आहेत, असे समजा. पूर्वी त्याची ग्रॅच्युइटी वर्षाला सुमारे ८,०७७ रुपये होई. आता वेतन २० हजार धरले जाईल आणि ती सुमारे ११,५३८ रुपये होईल. भविष्य निर्वाह निधीची सक्तीची मर्यादा १५ हजारांच्या वेतनापुरतीच असल्याने त्याची कपात १,६८० वरून १,८०० होईल. म्हणजे हातातले जाईल ते १२० रुपये. फोनवर घाबरलेल्या बहुतेकांना मी हेच सांगितले. मालकांवर बोजा खरोखर आला आहे आणि तो मोठ्यांवरही आला. टीसीएस, इन्फोसिससारख्या कंपन्यांनी डिसेंबर २०२५ च्या तिमाहीत यासाठी प्रत्येकी हजार कोटी रुपयांहून मोठी तरतूद दाखवली. भत्त्यांच्या फोडणीने पगार फुगवायचा आणि ग्रॅच्युइटीचा पाया बारीक ठेवायचा, ही इतक्या वर्षांची हुशारी होती. तिची किंमत एकदम चुकवावी लागली, तर मला फारसे वाईट वाटत नाही.

मग हजेरीपटाच्या बाहेरच्यांसाठी काही करता येते की नाही? येते, आणि ते महाराष्ट्रानेच करून दाखवले आहे. मार्केट यार्डातला, गोदीबाहेरचा, लोखंड बाजारातला हमाल कोणाच्याच हजेरीपटावर नव्हता. सकाळी एका व्यापाऱ्याच्या गाडीवर, दुपारी दुसऱ्याच्या. अण्णासाहेब पाटलांच्या चळवळीतून १९६९ साली माथाडी कायदा आला आणि त्याने मालक कोण हा प्रश्नच बाजूला ठेवला. हमाल मंडळाकडे नोंदवला गेला, व्यापाऱ्याने मजुरी आणि तिच्यावरची लेव्ही मंडळात भरायची, मंडळाने त्यातून पगार, बोनस, फंड, सुट्टीचे पैसे द्यायचे. मंडळावर सरकार, मालक आणि कामगार तिघेही. हजारो हमालांच्या मुलांची शिक्षणे यातून झाली. अलीकडे माथाडीच्या नावाखाली औद्योगिक पट्ट्यांत खंडणी मागितली जाते, या उद्योजकांच्या तक्रारीत तथ्य आहे आणि असल्यांना आवर घालायलाच हवा. पण मूळ रचनेची बुद्धिमत्ता त्यामुळे कमी होत नाही.

मोटारसायकलवरून आपल्या घरी जेवण आणणारे पोर आज त्याच हमालाच्या जागी आहे. सामाजिक सुरक्षा संहितेने 'गिग' कामगाराला पहिल्यांदा कायद्यात आणले. कंपन्यांनी उलाढालीच्या एक ते दोन टक्के, पण कामगारांना दिलेल्या रकमेच्या पाच टक्क्यांपर्यंतच, निधीत द्यायचे. किमान वेतन मात्र नाही, कामाचे तास नाहीत, खाते अचानक बंद केले तर दाद कुठे मागायची तेही नाही. राजस्थानने २०२३ मध्ये स्वतःचा कायदा केला, कर्नाटकाने २०२५ मध्ये. माथाडी मंडळांचा पन्नास वर्षांहून अधिक अनुभव असलेल्या महाराष्ट्राने या बाबतीत दुसऱ्यांच्या मागे राहावे, हे मला लाजिरवाणे वाटते.

शेवटी, चारही संहितांत मला सर्वांत महत्त्वाची वाटलेली तरतूद सांगतो. ती तीनशेची नाही, ५१ टक्क्यांची नाही. प्रत्येक कर्मचाऱ्याला नेमणूकपत्र दिलेच पाहिजे, असे व्यावसायिक सुरक्षा संहिता म्हणते. दहा किंवा अधिक कामगारांच्या कुठल्याही आस्थापनेत. कामगार न्यायालयातले निम्मे आयुष्य 'हा माणूस आमचा नाहीच' या एका वाक्याविरुद्ध पुरावा जमवण्यात जाते : गेटपास, कॅन्टीनचे कूपन, मुकादमाच्या वहीतली एखादी सही, दिवाळीला मिळालेल्या मिठाईच्या पेटीवरचे नाव. एका कागदाने ते सारे वाचते. म्हणूनच हा कागद सहजी मिळणार नाही, आणि निरीक्षकाला आता 'सुविधाकार' केल्यामुळे तो मागणारेही कमी होणार आहेत.

तो कागद मागण्याचे काम आपल्यापैकी बहुतेकांना करता येण्याजोगे आहे. इथे बसलेले अनेक जण सोसायट्यांचे सभासद आहेत, शाळा-संस्थांचे विश्वस्त आहेत, दुकाने-दवाखाने चालवतात. तुमच्या गेटवरचा रखवालदार आणि जिना पुसणारी बाई कोणत्या तरी कंत्राटदारामार्फत येतात. त्याने पगार बुडवला तर मूळ मालक म्हणून कायदा तुम्हाला गाठू शकतो. पुढच्या सभेत कंत्राटाचे नूतनीकरण येईल तेव्हा महिन्याचा दर विचारून थांबू नका. प्रत्येकाच्या नेमणूकपत्राची प्रत आणि गेल्या तीन महिन्यांचे भविष्य निर्वाह निधीचे चलान मागा, आणि ते मिळेपर्यंत सही करू नका.